शिंदेकाकांचा शेवगा आणि माझी फायबरची बोट

सांगू का नको, सांगू का नको करत इतकी वर्षं काढली. पण आज चहा फक्कड झालाय, कुणाला कुठं जायची घाई नाही, तेव्हा ऐकाच. फक्त एक अट आहे. मधी कुणी अंग खाजवायचं नाही! का, ते कळेल.

चुका माझ्या हातून लय झाल्या. पण अख्ख्या गल्लीला खाजवायला लावणारी, भरल्या शेंगांचं झाड पाडणारी आणि शेजारच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालेली चूक एकच. आणि ती केली कुणी? अडाण्यानं? छे! परभणीच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या जोंधळे सरांनी. म्हणजे मीच!

झालं असं. शाळेची सहल घेऊन येलदरीला गेलो होतो. तिथं धरणाजवळच्या गोदामामागं, घाणेरीच्या झुडपात, एक बोट पालथी पडलेली दिसली. फायबरची, बारा फूट लांब. कधीकाळी साहेबलोक तिच्यात बसून पाण्याची पाहणी करायचे म्हणे. आता तिच्या सावलीत शेळ्या बसत होत्या. चौकीदार म्हणाला, "मास्तर, लिलाव हाय हिचा पुढल्या महिन्यात."

बस! डोक्यात किडा शिरला. रविवारचा दिवस आहे, मी वल्हं मारतोय, समोर बायको बसलीय, डब्यात धपाटे आहेत, चहूकडं निळं पाणी आहे... आता परभणीच्या माणसाला पाण्याचं किती वेड असतं, ते तुम्हाला काय सांगायचं! जे नसतं त्याचंच वेड असतं.

लिलावाला बोली लावायला आम्ही दोघंच. मी आणि एक भंगारवाला. त्यानं बोटीवर टिचकी मारली, म्हणाला, "लोखंड न्हाई, पितळ न्हाई, हिचं करायचं काय?" आणि बिडी ओढायला निघून गेला. उरलो मी!

टेम्पोतून बोट घरी आली. निर्मला, म्हणजे आमची बायको, दारात कमरेवर हात ठेवून उभी. बराच वेळ बोटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अहो, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतंय. अन् तुम्ही बोट आणली?"

"अगं, स्वस्तात..."

"फुकट दिली तरी रांजण आणायचा होता."

बोट मागच्या अंगणात गेली. अंगणाला लागून छातीएवढी भिंत, भिंतीपलीकडं शिंदेकाकांचं अंगण. शिंदेकाका तहसीलमध्ये अव्वल कारकून. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं सगळं दफ्तरातलं. दुसऱ्याच दिवशी बाजारात भेटले.

"काय सर, सुट्टीत काय चाललंय?"

"काही नाही काका, घरी नाव दुरुस्त करायलोय."

काका एकदम गंभीर झाले. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. मराठवाड्यात 'नाव' म्हणलं की माणसाच्या डोक्यात दुसरं काही यायचंच नाही.

"सर, नावातली दुरुस्ती घरी होत नसती. अर्ज लागतो, शपथपत्र लागतं, गॅझेटात छापून यावं लागतंय. सोमवारी कागदं घेऊन या, मी बघतो."

"काका, बारा फूट हाय."

"एवढं लांब नाव?" काकांचे डोळे चष्म्याबाहेर आले. "कुणाचं?"

"माझंच."

काका माझ्याकडं बघतच राहिले. घरी येऊन भिंतीवरून डोकावले, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता दुरुस्ती. बोटीला ठिकठिकाणी भेगा, तळाला दोन मोठी भगदाडं. स्टेशनजवळ रशीदभाईंचं गॅरेज होतं. पत्र्याचं काम करायचे, आणि औरंगाबादेत काही वर्षं फायबरचंही केलेलं. त्यांनी मला डबाभर रेझिन, म्हणजे चिकट डिंकासारखं रसायन दिलं, ते घट्ट करायला हार्डनरची बाटली दिली, भगदाडावर चिकटवायला पांढऱ्या चटईसारखं कापड दिलं आणि घासायला एक विजेवर चालणारं ग्राइंडर दिलं. वर समजावूनही सांगितलं.

"देखो सर, पहले पुराना रंग घिसना. अच्छा घिसना. फिर चिपकाना. लेकिन घिसते टाइम क्या करना..."

"रशीदभाई," मी हात वर केला, "मी विज्ञान शिकवतो."

"हौ, वो तो है सर. पर..."

"पर नाही न् बिर नाही. समजलं मला!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. आयुष्यातला एवढा महागडा शब्द मी दुसरा बोललो नाही.

पहिल्याच दिवशी हार्डनर जास्त पडलं. रेझिन बघता बघता तापलं, धूर सोडायला लागलं आणि निर्मलाच्या पिठाच्या डब्यात दगड होऊन बसलं. ब्रश उभाच्या उभा! डबा उलटा करा, आपटा, ब्रश हलायचं नाव नाही. तो डबा पुढं आमच्या दाराला अडसर म्हणून लावत होतो. पण ती किरकोळ गोष्ट झाली.

खरी मजा ग्राइंडरनं आली. मे महिना, उघडा मी, कमरेला लुंगी, आणि ग्राइंडर घुर्र घुर्र! पांढरीशुभ्र भुकटी उडायची, अगदी पावडरीसारखी. दुपारचा गरम वारा ती उचलायचा आणि भिंतीपलीकडं घेऊन जायचा. मला काय वाटायचं? जुना रंग आहे, प्लॅस्टिकसारखं काहीतरी आहे, उडतंय तर उडू दे.

रात्री अंगाला खाज सुटली. म्हणलं, घामोळं असेल. कढत पाण्यानं अंघोळ केली, घासणीनं अंग खसाखसा घासलं. खाज दुप्पट! दुसऱ्या दिवशी निर्मला खाजवायला लागली. तिसऱ्या दिवशी शिंदेकाकू. आठवड्याभरात गल्लीत असा माणूस राहिला नाही, की ज्याचा एक हात मोकळा आहे. माणसं नमस्कार एका हातानं करायची, कारण दुसरा पाठीवर असायचा!

गल्लीत चर्चा सुरू. कुणी म्हणे पाणी खराब आहे, कुणी म्हणे साबण. शेवटी सगळे माझ्याकडं आले. साहजिकच आहे! गल्लीत विज्ञानाचा माणूस मी एकटा.

"सर, तुमीच सांगा आता. हे हाय तरी काय?"

मी शाळेतलं भिंग आणलं. गल्लीभर फिरलो, ओटे तपासले, नाल्या तपासल्या. आणि शिंदेकाकांच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली, मला गुन्हेगार सापडला. केसाळ सुरवंट! एकच होता. तोही मेलेला. पण विज्ञानाला एवढं पुरतं!

ओट्यावर उभं राहून मी तास घेतला. "मंडळी, शेवग्यावर सुरवंट होतात. सुरवंटाच्या अंगावर केस असतात. ते केस वाऱ्यानं उडतात, कपड्यांवर बसतात आणि माणसाला खाज सुटते. उपाय एकच. झाड काढा."

शिंदेकाका केविलवाणे झाले. त्या झाडाच्या शेंगा गल्लीतल्या प्रत्येक घरच्या आमटीत जायच्या. काका रोज सकाळी तोंड धुतलेलं पाणीसुद्धा त्याच्याच बुडाला टाकायचे.

"सर, बारा वर्षं झाली ह्या झाडाला. आजवर कुणाला खाज आली न्हाई."

"काका, भावनेनं बघू नका. हे विज्ञान आहे."

झाड पडलं. कुऱ्हाडीचे पहिले तीन घाव मी घातले, हे मुद्दाम सांगतो. झाड तोडणं, फांद्या ओढणं, अंगणं झाडून घेणं यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मला बोटीला हात लावायला फुरसत मिळाली नाही. आणि काय आश्चर्य! गल्लीची खाज कमी झाली!

झालं. माझा भाव वधारला. लोक रस्त्यात थांबवून हात जोडायला लागले, दोन्ही हातांनी! शिंदेकाकूंनी शेवटच्या शेंगांची आमटी पाठवली. मी ती भुरके मारून प्यालो आणि पाचव्या दिवशी, प्रसन्न मनानं, ग्राइंडर सुरू केलं. आता बोटीच्या आतली बाजू घासायची होती.

त्याच रविवारी शिंदेकाकांच्या मंगलला बघायला पाहुणे यायचे होते. मंगल बी.ए. झालेली, हुशार, शांत पोरगी. स्थळ गंगाखेडकडचं. मुलगा वसंत, जनावरांचा डॉक्टर. वडील माणिकराव, मोठे बागायतदार, मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. काकांनी मला दोन दिवस आधीच सांगून ठेवलं, "सर, तुमी शेजारी बसायचं. शिकलेला माणूस बाजूला असला की बरं दिसतं."

आता पुढचं ऐका. काकूंना आपल्या गाद्या-चादरींचा भरवसा राहिला नव्हता. म्हणाल्या, ह्यांत सुरवंटाचे केस असतील, पाहुण्यांसमोर नको. म्हणून त्यांनी निर्मलाकडून आमच्या चादरी नेल्या. निर्मलानं त्या निळीत घालून बगळ्यासारख्या पांढऱ्या केल्या होत्या आणि वाळत घातल्या होत्या मागच्या अंगणात. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं बोटीच्या कडीला!

रविवार उजाडला. पाहुणे आले, चादरींवर ऐसपैस बसले. पोहे झाले, चहा झाला. विचारलेल्या प्रश्नांना मंगलनं नेमकी उत्तरं दिली. वसंताचा चेहरा खुलला होता, माणिकराव मिशांना हात लावत होते. शिंदेकाकांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. जमलं म्हणून!

आणि माणिकरावांनी मानेला हात लावला.

मग पाठीला. मग दंडाला. मग ते सरकत सरकत खांबापाशी गेले आणि बैलानं खुंट्याला घासावं तशी पाठ खांबाला घासायला लागले. त्यांच्या मंडळी बांगड्या वर सारून मनगट खाजवायला लागल्या. डॉक्टर वसंतानं चादरीचं टोक उचललं, नीट बघितलं आणि सवयीनं म्हणाला, "गोचीड तर दिसत न्हाई."

मी? मी तर दोन्ही हातांनी सुरू होतो.

माणिकराव उभे राहिले.

"शिंदेसाहेब, एक विचारतो. राग मानू नका. घरात कातडीचा काही आजार हाय का?"

"छे छे! पाहुणे, तसं काही..."

"मग समदं घर खाजवायलंय कशामुळं? झाकून ठिवू नका. पोरीचा अन् पोराचा जन्माचा प्रश्न हाय."

शिंदेकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ज्या माणसाला बोलताना अर्ज, शपथपत्र, गॅझेट सुचायचं, त्याला साधं 'नाही' म्हणता येईना. मंगल दारात उभी होती, मान खाली. तिच्याही अंगाला खाज असणारच! पण पोरीनं बोटसुद्धा हलवलं नाही.

नेमकी त्याच वेळी फाटकाची कडी वाजली. रशीदभाई! ग्राइंडर परत न्यायला आले होते. मला शोधत शिंद्यांच्या दाराशी आले. मी बाहेर गेलो, एक हात पाठीवर ठेवूनच. रशीदभाईंनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"सर, सूखाच घिसे क्या तुम?"

"म्हणजे?"

"पानी मारके घिसना बोल रहा था मैं उस दिन! मूं पे कपडा, पूरी बाही का शर्ट. तुम सुनेच नहीं. अरे सर, वो काच है, काच! फायबरग्लास बोलते उसको."

फायबर-ग्लास! महिनाभर मी 'फायबर, फायबर' करत होतो. पुढचा 'ग्लास' गावात कुणी म्हणतच नव्हतं! महिनाभर मी अख्ख्या गल्लीवर काचेची भुकटी उधळत होतो, आणि तोडला काय? शेवगा!

खरं सांगू? त्या क्षणी मनात आलं, गप्प बसावं. रशीदभाई निघून जातील, पाहुणे निघून जातील, गल्लीत माझा मान शाबूत राहील. मेलेला सुरवंट काही साक्ष द्यायला येत नसतो. पण आत माणिकराव चपला शोधत होते आणि मंगल अजून तशीच उभी होती.

मी आत गेलो. "माणिकराव, बसा. खाज ह्या घराची नाही. माझी आहे. म्हणजे माझ्या बोटीची आहे."

"कशाची?"

"बोटीची. मी घरी बोट दुरुस्त करायलोय. तिची काच उडून तुमच्या अंगात शिरलीय."

माणिकरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मलाच माझी शंका आली. मग ते शिंदेकाकांकडं वळले. "शेजारी चांगला हाय तुमचा. तुमची अब्रू झाकायला काहीबी बोलायलाय. अवो, परभणीत बोट? प्यायला पानी न्हाई इथं!"

"या, दाखवतो!"

सगळी वरात आमच्या मागच्या अंगणात. बोट बघून माणिकराव थबकले. तिच्याभोवती दोनदा फिरले. "च्यायला, खरंच बोट हाय की!" तरी विश्वास बसेना. म्हणून मी बोटीतली चिमूटभर भुकटी घेतली आणि त्यांच्या देखत माझ्या पोटावर चोळली. मग पुढची दहा मिनिटं मी अंगणात जे नाचलो ना, ते बघून माणिकरावांच्या मंडळी भिंतीला टेकून हसायला लागल्या. वसंत हसला. शेवटी माणिकराव स्वतः हसले, आणि ते हसले की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं! गल्ली भिंतीवर जमा झालीच होती. सगळ्यांसमोर माझं विज्ञान उघडं पडलं.

रशीदभाईंनी सगळ्यांना थंड पाण्यानं हातपाय धुवायला लावले. "रगडना नक्को," म्हणाले. पाहुणे धुऊन-पुसून पुन्हा बसले, ह्या खेपेला उघड्या फरशीवर. तिथंच सुपारी फुटली.

सगळे तोंड गोड करत होते तेव्हा शिंदेकाका माझ्या जवळ सरकले. आवाज एकदम हळू.

"सर, बाकी सगळं ठीक. पण माझा शेवगा?"

त्याच संध्याकाळी मी पाडलेल्या झाडाच्या ढिगातून एक दणकट फांदी निवडली आणि काकांच्या अंगणात रोवली. शेवग्याचं बरं असतं, फांदी रोवली की जगतो. पण फांदी फुटेपर्यंत तिच्या बुडाशी बसून रोज दोन तांबे पाणी डोक्यावरून घ्यायची शिक्षा काकूंनी दिली, आणि ती मी भोगली. तिसऱ्या दिवशी येणाऱ्या नळाचं पाणी!

जाताना माणिकराव म्हणाले, "सर, तुमच्या बोटीनं खाजवलं तर खाजवलं, आता तिच्यात बसवायचं. पहिल्यांदा पाण्यात उतरवाल तवा मी पाहिजे."

झालं, शब्द दिला. मग मी जपून काम केलं. तोंडाला उपरणं, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाणी मारून घासणं. एकूण एक भेग बुजवली. पावसाळा गेला. निळा रंग दिला, काठाला पांढरी रेघ ओढली. मंगलचं लग्न झालं आणि त्यानंतरच्या एका रविवारी टेम्पोत बोट टाकून आम्ही येलदरी गाठली. धरण काठोकाठ भरलेलं. माणिकराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून, गुलाबी फेटा बांधून हजर. वसंत, मंगल, शिंदेकाका-काकू, निर्मला, रशीदभाई, सगळे काठावर. मासे धरणारे आपली जाळी बाजूला ठेवून बघायला उभे.

नारळ फोडला. माणिकराव पुढं बसले, मी वल्ही हातात घेतली. बोट सरसर निघाली, हंसासारखी! काठावरून टाळ्या पडल्या. माझी छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं तुटावीत.

"सर," माणिकराव म्हणाले, "पाय वले व्हायलेत."

"वल्ह्याचं पाणी उडत असेल."

थोड्या वेळानं, "सर, धोतर वलं व्हायलंय."

मी खाली बघितलं. घोट्यापर्यंत पाणी! एकही भेग दिसत नव्हती आणि पाणी वाढतच होतं. मी जोरात वल्ही मारत बोट काठाकडं वळवली. काठ दहा हातांवर आला आणि माझी निळी बोट, अजिबात घाई न करता, सन्मानानं, आम्हा दोघांसकट खाली बसली. कमरेएवढ्या पाण्यात मी, कमरेएवढ्या पाण्यात माणिकराव, फेटा मात्र कोरडा. काठावर कुणी हसत नव्हतं, सगळे तोंड दाबून उभे होते.

एक म्हातारे मासेवाले पाण्यात उतरले. बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी हात घालून चाचपलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, हितं अंगठ्याएवढं भोक हाय. हेचं बूच कुठंय?"

"कसलं बूच?" मी पाण्यातच ताठ उभा राहिलो. "ती भेग नाही. गोल कडं बसवलंय त्याला, मी घासून लख्ख केलंय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं पाणी बाहेर जायला."

म्हाताऱ्यानं शांतपणे मान हलवली.

"बराबर हाय मास्तर. पर हे पान्याला कुनी सांगितलं?"